शाहू छत्रपती आणि नवी वतनदारी

हातकणंगले तालुक्यातील माणगाव या गावाचे नाव महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. १९२० सालच्या मार्च महिन्यात तेथे अस्पृश्य समाजाची परिषद भरली. भीमराव आंबेडकर हे अठ्ठावीस वर्षांचे प्राध्यापक तिचे अध्यक्ष होते आणि करवीरचे छत्रपती शाहू महाराज त्या परिषदेस जातीने उपस्थित राहिले. दर वर्षी मार्च आला की या प्रसंगाचे स्मरण होते. पुढे मे महिन्यात महाराजांची पुण्यतिथी आणि जूनमध्ये जयंती येते. पुतळ्यांना हार पडतात, शाळांतून भाषणे होतात, सर्व पक्षांचे पुढारी एका व्यासपीठावर येतात. त्या दिवशी शाहू महाराज सर्वांचेच असतात.

ज्या पुरुषाने हयातभर प्रस्थापित हितसंबंधांशी झुंज दिली, त्याचे नाव घेताना आज कोणाचीच अडचण होऊ नये, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. त्याचे कार्य पूर्ण झाले, म्हणून आता त्याला विरोधक उरले नाहीत, असे तरी म्हणावे लागेल. नाहीतर त्याच्या कार्यातला अडचणीचा भाग आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत, असे तरी मानावे लागेल. प्रस्तुत लेखकाला दुसरे अनुमान खरे वाटते. वसतिगृहे, राखीव जागा आणि जातिभेदाचे निवारण या गोष्टी आपण आठवतो आणि ते योग्यच आहे. परंतु या साऱ्यांच्या मुळाशी जो एक विचार होता, त्याची चर्चा फारशी होत नाही. सार्वजनिक अधिकार ही कोणत्याही घराण्याची खाजगी मिळकत होऊ शकत नाही, हा तो विचार होय. वतनदारीच्या विरुद्ध महाराजांनी जी लढाई केली ती या विचारापोटी केली. लोकशाहीच्या आजच्या अवस्थेत त्यांच्या चरित्राचा हाच भाग आपल्याला सर्वांत अधिक विचारात घ्यावा लागेल.

गावगाड्यातील सत्ता

वतन म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. गावाची किंवा राज्याची एखादी सेवा करावी आणि तिच्या मोबदल्यात जमीन, धान्य किंवा हक्क मिळावेत, एवढाच मूळचा व्यवहार होता. पण सेवेचा तो अधिकार बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जाऊ लागला की सेवा मागे पडते आणि हक्क तेवढा शिल्लक राहतो. अधिकारी नालायक निघाला तरी त्याला बदलता येत नाही, कारण त्याला कोणी नेमलेलेच नसते. तो जन्माने तेथे आलेला असतो.

कुलकर्णी वतन हे याचे ठळक उदाहरण होय. गावाचे दफ्तर, जमिनीच्या नोंदी, साऱ्याचा हिशेब हे सर्व कुलकर्ण्याच्या हाती असे. शेतकऱ्याला अक्षरओळख नाही आणि त्याच्या जमिनीची हकिकत मात्र दुसऱ्याच्या घरातल्या कागदावर लिहिलेली. कुलकर्णी भला असला तर गावाचे नशीब, लोभी असला तर दाद कोणाकडे मागायची? जो तक्रार लिहून देणार त्याच्याचविरुद्ध तक्रार. यात एखाद्या व्यक्तीच्या किंवा एका जातीच्या स्वभावाचा प्रश्न मुख्य नव्हता. ज्या व्यवस्थेत ज्ञान, नोंद आणि अधिकार एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या साठतात आणि त्यावर कोणाचीही देखरेख राहत नाही, ती व्यवस्था चांगल्या माणसालाही लोभाच्या वाटेने नेते. वतनदारीचा खरा दोष हा होता.

गादीवर आलेला तरुण

अशा व्यवस्थेच्या शिखरावर बसलेल्या माणसानेच ती मोडायला घ्यावी, हे शाहूचरित्रातले नवल होय. कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. आईचे छत्र त्यापूर्वीच हरपले होते. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब घाटगे दत्तविधानानंतर दोनच वर्षांनी निवर्तले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. हिंदुस्थानभर प्रवास घडला. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

हाती आलेला अधिकार केवढा आहे आणि प्रत्यक्षात तो कोणाकडे आहे, याचा हिशेब या तरुणाने लवकरच मांडला. त्या वेळी संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. ज्यांच्या श्रमावर संस्थानचा सारा महसूल उभा होता त्या शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य वर्गांतला माणूस कचेरीत दिसत नव्हता. छत्रपती मराठा होते, म्हणून राज्य मराठ्यांचे किंवा बहुजनांचे आहे, असे मानण्यात अर्थ नव्हता. सही राजाची असली तरी राज्य टिपणे लिहिणाऱ्यांचे असते, हे कचेरीत काम करणाऱ्या कोणाही वाचकाला सांगायला नको.

लोभाचे दुसरे रूप महाराजांना लवकरच पाहावे लागले. १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग आला. दुष्काळात धान्य अजिबात नसते असे नाही. ते विकत घेण्याची ऐपत नसते आणि भाव आणखी चढेल या आशेने कोठारे बंद राहतात. महाराजांनी बाहेरून धान्य आणवले, स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली आणि त्या कामांवर राबणाऱ्या बायांच्या मुलांना सांभाळण्याची व्यवस्था केली. ते स्वतः गावोगाव हिंडले. बाजाराला आपली एक रीत असते हे त्यांना मान्य होते. अन्यथा १८९५ साली शाहूपुरीची बाजारपेठ वसवून गुळाच्या व्यापाराला त्यांनी उत्तेजन दिले नसते. परंतु माणसाच्या भुकेवर नफा कमावण्याची मुभा बाजाराला असू शकत नाही, ही मर्यादा त्यांनी तरुणपणीच आखून घेतली.

अधिकाराचा उगम कोठे

वेदोक्त प्रकरणाकडे आपण बहुधा राजा आणि पुरोहित यांच्यातील मानापमानाचा प्रसंग म्हणून पाहतो. १८९९ मध्ये हे प्रकरण सुरू झाले. राजघराण्याची धर्मकृत्ये वेदमंत्रांनी करण्यास राजपुरोहितांनी नकार दिला. छत्रपतीही त्यांच्या लेखी शूद्रच होते. दीर्घकाळ समजावणी करून पाहिल्यानंतर १९०२ मध्ये महाराजांनी राजोपाध्यांचे इनाम जप्त केले. प्रकरण इंग्रज सरकारपर्यंत गेले आणि निर्णय महाराजांच्या बाजूने लागला. राज्याकडून इनाम घ्यायचे, पण ज्या सेवेसाठी ते मिळाले ती सेवा करायची की नाही हे मात्र आपणच ठरवायचे, असा राजोपाध्यांचा पवित्रा होता. सेवा नाही तर इनामही नाही, हे महाराजांचे उत्तर होते. पुढे त्यांनी कुलकर्णी वतनाच्या बाबतीत जे केले त्याचे बीज येथे आढळते.

त्याच १९०२ सालच्या २६ जुलैला महाराज इंग्लंडात असताना कोल्हापूर संस्थानात एक हुकूम प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्वांचा समावेश त्यात होता. टीका झाली. गुणवत्तेचा प्रश्न तेव्हाही निघाला. त्याचे उत्तर महाराजांनी वादापेक्षा कृतीने दिले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते. पुढील काळात जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, दैवज्ञ, सारस्वत अशा अनेक समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. जागा राखायची आणि ती भरणारा माणूसही घडवायचा, अशी ही दुहेरी योजना होती. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर त्याने राहावे कोठे आणि जेवावे काय, या साध्या प्रश्नावर असंख्य बुद्धिमान मुलांचे शिक्षण थांबते, हे शिक्षकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

आर्थिक विषमता केवळ नोकऱ्यांनी हटणार नाही याचीही महाराजांना जाणीव होती. कोल्हापुरात शाहू मिल उभी राहिली. भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. पैशाअभावी ते रखडले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. आज पंचगंगेच्या खोऱ्यात जो हिरवागार ऊस दिसतो त्याच्या मागे त्या धरणाची पुण्याई आहे. १९१७ मध्ये, वडिलांचे नाव देऊन, मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर त्यांनी जयसिंगपूर ही नवी पेठ वसवली. पाणी, बाजार आणि रेल्वे यांचा मेळ घातला तर शेतकऱ्याच्या मालाला किंमत येते, हे त्यांचे अर्थशास्त्र होते.

एक हुकूम, दोन बाजू

१९१७ आणि १९१८ ही दोन वर्षे महाराजांच्या कारकिर्दीचा कळस म्हटली पाहिजेत. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. तत्पूर्वी १९११ मध्ये नामदार गोखले यांनी असाच प्रस्ताव वरिष्ठ कायदेमंडळात आणला होता आणि तो फेटाळला गेला होता. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी ही वाट आधीच दाखवली होती. स्वतंत्र भारतात प्राथमिक शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क ठरण्यासाठी २००२ सालची घटनादुरुस्ती व्हावी लागली आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. करवीरच्या हुकुमानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, कुलकर्णी वतने रद्द झाली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमण्यात आले. या दोन गोष्टी इतिहासाच्या पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. वास्तविक त्या एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत. दफ्तर एका घराच्या हातून काढून घेतले, पण ते वाचणारा शेतकरी तयार झाला नाही, तर नवा तलाठी हाच नवा कुलकर्णी होईल. उलट शेतकरी शिकला, पण दफ्तर वंशपरंपरेच्या कुलपात राहिले, तर त्याच्या शिक्षणाचा उपयोग काय? वतन मोडायचे आणि अक्षर द्यायचे, या दोन्ही गोष्टी बरोबरच कराव्या लागतात. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० मध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे १९१८ च्या या पावलाचे मोल कळते.

महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. वतन जसे वरच्याला सत्ता देते तसे ते खालच्याला जखडून ठेवते. महार वतनाच्या नावाखाली जमिनीचा एक तुकडा अनेक कुटुंबांत सामाईक असे आणि त्याच्या बदल्यात सगळ्या कुटुंबांनी रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामे करायची. महाराजांनी या जमिनी वेगवेगळ्या करून रयतावा म्हणून कसणाऱ्यांच्या नावे करण्याचे धोरण स्वीकारले. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातींना रोज द्यावी लागणारी हजेरी बंद केली. १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम झाला. १९२० मध्ये वेठबिगारी बंद झाली. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली.

कायद्याने जे साधत नाही ते वर्तनाने साधावे लागते. गंगाराम कांबळे नावाच्या अस्पृश्य सेवकाने सवर्णांच्या हौदाला स्पर्श केला म्हणून इतर नोकरांनी त्याला बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन तर केलेच, पण गंगारामला कोल्हापुरात चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः त्या दुकानाचा चहा घेतला. बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागला. चहाचा एक पेला ही लहान गोष्ट आहे. पण समता हा शब्द ज्या ठिकाणी माणसाच्या गळ्याखाली उतरत नाही, त्या ठिकाणी तो असाच उतरवावा लागतो.

माणगावचा अर्थ

माणगावच्या परिषदेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. माणगाव त्या वेळी कागल जहागिरीत होते. गावचे अप्पासाहेब पाटील हे जैन समाजातील गृहस्थ अस्पृश्यांच्या परिषदेसाठी पुढे झाले, हीही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. परिषदेपूर्वी जानेवारी १९२० मध्ये आंबेडकरांचे 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू झाले होते आणि महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. परिषदेत महाराजांनी जमलेल्या अस्पृश्य बांधवांना उद्देशून स्पष्ट सांगितले की तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे, आणि हा माणूस पुढे साऱ्या देशाचा पुढारी होईल.

या घटनेतले औदार्य आपण वाखाणतो. परंतु तिचा राजकीय अर्थ अधिक खोल आहे. अस्पृश्यांसाठी इतके केलेल्या राजाला आपणच त्यांचे कैवारी आहोत, असे म्हणता आले असते. त्याऐवजी त्याने त्यांच्यातल्याच एका शिकलेल्या तरुणाकडे बोट दाखवून आता याच्या मागे चला, असे सांगितले. आश्रय देणारा आणि नेतृत्व देणारा यांत फरक असतो. आश्रय देणाऱ्याला आश्रित कायम हवे असतात. महाराजांनी पुढारीपणाचेही वतन होऊ दिले नाही. माणगावचा हा धडा आजच्या पुढाऱ्यांनी घेतलेला दिसत नाही.

महाराजांच्या मर्यादा सांगितल्या नाहीत तर हा लेख चरित्राऐवजी स्तोत्र होईल. ते लोकनियुक्त नव्हते. त्यांचे हुकूम रयतेच्या प्रतिनिधींनी संमत केलेले नव्हते आणि ते मोडून काढण्याची सोयही रयतेला नव्हती. इंग्रज सत्तेच्या छत्राखाली त्यांचे राज्य होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यभरतीला उत्तेजन दिले आणि राष्ट्रीय चळवळीशी त्यांचे संबंध कटुतेचे राहिले. आधी शिक्षण आणि जातिनिहाय प्रतिनिधित्व, मग स्वराज्य, ही त्यांची भूमिका त्या काळी अनेकांना देशहिताच्या आड येणारी वाटली. पण त्या भूमिकेतली शंका खोटी नव्हती. सत्ता ज्या थोड्यांच्या हाती आधीच साठलेली आहे, त्यांच्याच हाती स्वराज्यही गेले तर बाकीच्यांना धनी बदलण्यापलीकडे काय मिळेल, ही ती शंका होती.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ४७ वर्षांचे होते. एका माणसाच्या सदिच्छेवर उभे राहिलेले राज्य त्या माणसाबरोबर किती टिकते, हा प्रश्न ते मागे ठेवून गेले. त्याचे उत्तर द्यायला प्रजाच पुढे आली. १९३९ मध्ये जयसिंगपूरला प्रजा परिषद स्थापन झाली. सत्यशोधकी संस्कारांत वाढलेले माधवराव बागल आणि शिरोळ तालुक्यातले रत्नाप्पा कुंभार यांनी जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली. राजाने व्यापारासाठी वसवलेल्या गावात प्रजेने राज्याचा वाटा मागावा, यात महाराजांच्या कार्याचा पराभव नव्हता. शिकलेली रयत प्रश्न विचारू लागते, हीच तर त्या कार्याची फलश्रुती होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

घटना आणि तिचे भय

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला, माणगावच्या परिषदेनंतर एकोणतीस वर्षांनी, आंबेडकरांनी घटना समितीत आपले समारोपाचे भाषण केले. रत्नाप्पा कुंभार त्या समितीचे सदस्य होते. राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला समान मूल्य, पण सामाजिक व आर्थिक जीवनात मात्र विषमता, ही विसंगती फार काळ चालू राहिली तर तिचे बळी ठरलेले लोक ही राजकीय लोकशाहीच उधळून लावतील, असा इशारा त्यांनी त्या वेळी दिला. व्यक्तिपूजा हा हुकूमशाहीकडे नेणारा मार्ग आहे, असेही त्यांनी बजावले. संपत्तीचे केंद्रीकरण सर्वसामान्यांना अपायकारक होईल अशा रीतीने अर्थव्यवस्था चालू नये, हे तत्त्व घटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात आले.

त्या इशाऱ्याचे पुढे काय झाले? भारतातील उत्पन्न आणि संपत्ती यांचा १९२२ ते २०२३ या शतकाचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोगाने त्याचा आरंभ महाराजांच्या निधनाच्या वर्षापासून होतो. स्वातंत्र्यानंतर वरच्या एक टक्का लोकांचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा उतरत गेला आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तो सुमारे ६ टक्क्यांवर आला होता. २०२२-२३ पर्यंत तो २२.६ टक्क्यांवर गेला आणि संपत्तीतील त्यांचा वाटा ४०.१ टक्के झाला. परकीय सत्तेच्या काळातही उत्पन्नाची विषमता इतकी नव्हती, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. देश या काळात श्रीमंत झाला, अन्नधान्याची टंचाई गेली, शाळा आणि रस्ते आले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वाढलेल्या संपत्तीची वाटणी कशी झाली, हाही प्रश्न आहेच.

संपत्तीचा असा साठा राजकारणाला स्पर्श न करता राहत नाही. उमेदवारांच्या शपथपत्रांवरून काढलेला हिशेब असे सांगतो की २००९ च्या लोकसभेत कोट्यधीश सदस्य ५८ टक्के होते. २०२४ मध्ये ते ९३ टक्के झाले. रुपयाची किंमत घटली, हे जमेस धरले तरी ज्या देशात बहुसंख्य माणसे एक कोटी रुपये आयुष्यात एकत्र पाहत नाहीत तेथे हा आकडा बोलका आहे. राजकीय पक्षांना देणगीदाराचे नाव गुप्त ठेवून पैसा देण्याची निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. मतदाराचे मत गुप्त असावे आणि पुढाऱ्याचा पैसा उघड असावा, हा लोकशाहीचा साधा नियम आहे. आपण काही काळ तो उलटा करून चालवला.

नव्या वतनदारांचा गाव

पण दिल्लीकडे बोट दाखवणे सोपे असते. आपल्या अंगणात काय चालले आहे? सहकारी संस्था या प्रदेशाच्या उत्कर्षाचा पाया आहेत. साखर, दूध, सूत, पतपुरवठा या क्षेत्रांत शेतकऱ्याने आणि कामगाराने थोडे थोडे भांडवल घालून संस्था उभ्या केल्या. प्रत्येक सभासदाला एक मत, शेअर किती आहेत हे न पाहता, हा सहकाराचा नियम म्हणजे आर्थिक क्षेत्रात आणलेली लोकशाहीच होय. आणि तरीही महाराष्ट्रात ठिकठिकाणी आपण काय पाहतो? आजोबांनी कष्टाने संस्था उभारली, मुलाने ती चालवली आणि नातवाला ती वारशाने मिळाली. वार्षिक सभेत अहवाल वाचला न वाचला तोच मंजूर मंजूरचा घोष होतो. प्रश्न विचारणाऱ्या सभासदाच्या उसाला तोड वेळेवर मिळेल की नाही, याची त्याला धास्ती. हिशेबाची वही पाहायला मागणे म्हणजे नेत्यावर अविश्वास दाखवणे ठरते. शिक्षणसंस्थांची, पंचायतींची, आमदारकीची आणि खासदारकीची गोष्ट फार निराळी नाही. निवडणूक होते, मतदान होते, गुलाल उधळला जातो. पण निवड मात्र आडनावांच्या एका छोट्या यादीतूनच करायची असते.

याला वतनदारी म्हणू नये तर काय म्हणावे? फरक एवढाच की जुन्या वतनदाराकडे सनद होती, नव्याकडे निवडून आल्याचा दाखला आहे. शिवाय जुन्या वतनाला जातीची मर्यादा होती. नव्या वतनदारीत सर्व जातींना मुभा आहे. ज्या बहुजन समाजासाठी महाराजांनी जुनी वतने मोडली, त्याच समाजातील काही घराण्यांनी नवी वतने निर्माण केली, ही या इतिहासातली सर्वांत कडू गोष्ट आहे. आणि ती आपण बोलून दाखवली पाहिजे. शाहू महाराजांचा जयजयकार करणाऱ्याच्या हातात एखाद्या संस्थेचे तीन पिढ्यांचे दफ्तर असेल, तर महाराजांनी त्याला काय हुकूम पाठवला असता, याचा तर्क करायला फार विद्वत्ता लागत नाही.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. निवडून आलेल्यांपेक्षा तो राजाच बरा होता, असा उसासा अशा वेळी ऐकू येतो. हा उसासा धोक्याचा आहे. चांगला राजा मिळणे ही नशिबाची गोष्ट आहे आणि वाईट राजा काढून टाकण्याचा उपाय राजेशाहीत नसतो. महाराजांचे मोठेपण ते राजे होते यात नाही. राजा असूनही त्यांनी ज्ञान, नोंद आणि नेतृत्व यांच्यावरचा वंशपरंपरेचा हक्क मोडला, यात आहे. त्यांच्यासारखा कोणीतरी पुन्हा येईल म्हणून वाट पाहणे हे त्यांच्याच शिकवणीच्या विरुद्ध जाईल. जे त्यांनी हुकुमाने केले ते आता आपल्याला हक्काने करावे लागेल.

आणि त्यासाठी लागणारी साधने आपल्याजवळ आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी दफ्तर नागरिकाला खुले केले. १९१८ मध्ये कुलकर्ण्याच्या घरातून कचेरीत आलेले दफ्तर या कायद्याने कचेरीतून नागरिकाच्या हाती आले. ग्रामसभा आहे, सहकारी संस्थेची सर्वसाधारण सभा आहे, लेखापरीक्षणाचा अहवाल आहे. उणीव आहे ती उठून प्रश्न विचारण्याच्या सवयीची. ही सवय शिक्षकाने वर्गात लावायची असते. टेबलावर आलेली फाईल ही आपली मिळकत नसून येणाऱ्या माणसाचा हक्क आहे, हे कचेरीतल्या कारकुनाने ओळखले, तर कुलकर्णी वतन खऱ्या अर्थाने रद्द झाले असे म्हणता येईल. विद्यार्थ्याने पहिले मत देताना आडनावाऐवजी हिशेब पाहिला, तर नव्या वतनाची सनद तेथेच फाटेल.

हातकणंगल्याहून माणगाव काही दूर नाही. पुढच्या मार्चमध्ये तेथे पुन्हा लोक जमतील आणि दोन महापुरुषांच्या नावाचा जयघोष होईल. तो व्हावाच. पण घोषणा आटोपून घरी परतताना प्रत्येकाने आपण ज्या एखाद्या सोसायटीचे, संस्थेचे किंवा गावाचे सभासद आहोत तिचा मागील वर्षाचा हिशेब एकदा मागून वाचावा. त्या परिषदेस छत्रपती ज्या कामासाठी आले होते, त्याचा राहिलेला भाग हाच आहे.